खरेदीखतातील अटी : पूर्ण मालकीच्या घरावरील बंधनांचा इतिहास

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही म्हण ज्या काळी रूढ झाली त्या काळी घर बांधण्यातच गृहस्थाची कसोटी लागत असे. माती, दगड, सागवान आणि गवंडी यांची जुळवाजुळव झाली की घर उभे राही. आज आपल्या समाजातील बहुसंख्य कुटुंबे घर बांधीत नाहीत, तर विकत घेतात. कोणी विजापूर रस्त्यावर मोकळा प्लॉट घेतो, कोणी होटगी रस्त्यावर तयार बंगली घेतो, तर कोणी साखर पेठेतील किंवा भवानी पेठेतील जुन्या वाड्याचा हिस्सा घेतो. कसोटी मात्र टळली नाही, तिचे ठिकाण तेवढे बदलले. पूर्वी ती पाया खणताना लागे, आता ती खरेदीखत वाचताना लागते.

खरेदीखताच्या अखेरीस बहुधा एक ठरीव मजकूर असतो. सदर मिळकत लिहून घेणाराने वंशपरंपरा, यावच्चंद्रदिवाकरौ, मालकीहक्काने उपभोगावी, तीवर लिहून देणाराचा कसलाही हक्क उरलेला नाही, असा त्याचा आशय असतो. हा मजकूर वाचून मनुष्य निर्धास्त होतो. परंतु त्याच कागदाच्या मधल्या एखाद्या कलमात, अथवा त्या कागदात मुळीच नसलेल्या पण वीस वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या एखाद्या कागदात, अशी एखादी अट असू शकते की जी या पूर्ण मालकीला मर्यादा घालते. पुढील दहा फूट जागा मोकळी ठेवावी. दुसरा मजला चढवू नये. दुकान वा गिरणी चालवू नये. अमुक वर्षे विकू नये. अमुक ज्ञातीबाहेरच्यास विकू नये. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून हस्तांतर करू नये. अशा अटी कोठून आल्या, त्यांपैकी कोणत्या कायद्याने टिकतात व कोणत्या टिकत नाहीत, आणि त्यांच्याकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. स्मरणिकेच्या वाचकांपैकी पुष्कळांनी आयुष्याची पुंजी घरात घातली आहे किंवा घालावयाची आहे. म्हणून हा विषय वकिलांचा म्हणून बाजूस ठेवण्याजोगा नाही.

प्रथम मालकी म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. मालकी ही एक अखंड वस्तू आहे असे आपण समजतो. वस्तुतः ती हक्कांची मोळी आहे. राहण्याचा हक्क, भाड्याने देण्याचा हक्क, बांधण्याचा व पाडण्याचा हक्क, गहाण ठेवण्याचा हक्क, विकण्याचा हक्क, वारसांस देण्याचा हक्क, अशा अनेक काटक्या एकत्र बांधल्या म्हणजे ती मोळी होते. एखादी काटकी काढून घेतली तरी मोळीचे नाव बदलत नाही. पण किती काटक्या काढल्यावर ती मोळी म्हणावयाची राहत नाही, हा प्रश्न उरतो. या प्रश्नाचा निर्णय देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला एकदा आपल्या सोलापूरच्याच एका मिळकतीवरून करावा लागला होता.

ती मिळकत म्हणजे जुनी गिरणी. १८७७ साली जिची चाके फिरू लागली ती सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी १९४९ च्या ऑगस्टमध्ये बंद पडली. हजारो कामगारांच्या चुली विझण्याची वेळ आली, तेव्हा १९५० च्या जानेवारीत मध्यवर्ती सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार आपण नेमलेल्या संचालकांच्या हाती दिला आणि पुढे त्याचाच कायदा केला. भागधारकांचे शेअर त्यांच्याच नावावर राहिले. पण संचालक निवडण्याचा, ठराव अमलात आणण्याचा आणि कंपनी मोडीत काढण्यासाठी अर्ज करण्याचा त्यांचा अधिकार स्थगित झाला. चरणजितलाल चौधरी नावाच्या एका भागधारकाने या कायद्यास आव्हान दिले. शेअर अद्याप तुमचाच आहे, तो तुम्ही विकू शकता, त्यावरील नफा घेऊ शकता, तेव्हा तुमची मालमत्ता हिरावली गेली असे म्हणता येत नाही, असा निर्णय १९५० च्या डिसेंबरात बहुमताने झाला. परंतु त्यानंतर नव्या संचालकांनी भागधारकांकडून शेअरांच्या थकित रकमेची मागणी केली आणि द्वारकादास श्रीनिवास हे न्यायालयात गेले. १८ डिसेंबर १९५३ रोजी न्यायालयाने निराळा निर्णय दिला. नाव राहिले तरी मालकीचे सार काढून घेतले गेले आहे, आणि मोबदला न देता ते घेणे घटनेस धरून नाही, असे या निर्णयाने ठरले.

पुढे १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने या निर्णयाचा परिणाम मर्यादित केला, आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढून कलम ३००-अ मध्ये घातला. तो इतिहास स्वतंत्र आहे. आपल्याला येथे त्यातून एवढाच बोध घ्यावयाचा आहे की मालक हे नाव आणि मालकीचे सार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिरणीच्या बाबतीत सरकारने काटक्या काढल्या. घराच्या बाबतीत त्या कधी सरकार काढते, कधी विकणारा काढतो, तर कधी आपण स्वतः होऊन सभासद झालेली संस्था काढते. म्हणून कागदावर मालक कोण लिहिले आहे एवढे पाहून भागत नाही; मोळीतून कोणती काटकी कोणी काढून घेतली आहे, ते पाहावे लागते.

ब्रिटिश अमदानीपूर्वी आपल्या प्रांतात अशी बंधने नव्हती असे नाही. मराठेशाहीत मिराशी जमिनीचा धनी ती वंशपरंपरेने वाही, ती विकण्याचाही त्यास अधिकार असे. पण मिरासपत्र करताना पाटील, कुलकर्णी, भाऊबंद, बलुतेदार व शेजारचे मिरासदार यांची साक्ष पडे. गोताच्या समक्ष झालेला व्यवहारच पक्का समजला जाई. त्या व्यवहारात पाण्याची वाट कोणाची, बांधावरचे झाड कोणाचे, विहिरीची पाळी कोणाची, हे सर्वांस मुखोद्गत असे. बंधन होते, पण ते अज्ञात नव्हते. घेणारा त्याच पांढरीतला असल्यामुळे त्यास कोणी फसवू शकत नसे, आणि परका असल्यास गोत त्यास ते सांगे. नोंदणीचा कायदा आल्यावर ही साक्ष गावाच्या मुखातून निघून दप्तरात गेली. आज साक्ष देणारे गोत नाही. आहे ते दुय्यम निबंधकाचे दप्तर, आणि ते आपण होऊन बोलत नाही. त्यास विचारावे लागते.

विकणाऱ्याने घातलेली अट पुढच्या खरेदीदारावर बंधनकारक कशी होते, याचा कायदा मात्र आपल्याकडे विलायतेहून आला. त्याचे मूळ लंडनमधील लीस्टर चौकातील एका बागेत आहे. १८०८ साली टल्क नावाच्या मालकाने ती बाग विकली. भोवतालची घरे त्याने स्वतःकडे ठेवली होती, म्हणून बाग मोकळी ठेवावी, तीत इमारत बांधू नये, असे घेणाऱ्याकडून लिहून घेतले. ती बाग हातोहात विकत जाऊन मॉक्से नावाच्या गृहस्थाकडे आली. त्याच्या खरेदीखतात ती अट नव्हती, पण ती असल्याचे त्यास ठाऊक होते. मी असे काही लिहून दिलेले नाही, म्हणून मी बांधणार, असे तो म्हणू लागला. १८४८ साली लॉर्ड कॉटनहॅम यांनी त्यास मनाई केली. अट ठाऊक असल्यामुळे ज्याने जमीन स्वस्तात घेतली, त्याने ती अट झुगारून महागात विकावी, हे न्यायाचे नव्हे, असा त्या निर्णयाचा आधार होता. येथून पुढे जमिनीबरोबर चालणाऱ्या निषेधात्मक अटीचे तत्त्व रूढ झाले. तसेच १८८५ च्या सुमारास हेही स्पष्ट झाले की असे बंधन ‘करू नये’ या स्वरूपाचे असेल तरच नव्या मालकावर चालते. भिंत दुरुस्त करावी, रस्ता राखावा, अशा खर्चाच्या ‘करावे’ स्वरूपाच्या अटी त्याच रीतीने चालत नाहीत.

हिंदुस्थानात १८८२ साली मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा झाला. मुंबई इलाख्यास तो लगेच लागू नव्हता. १ जानेवारी १८९३ पासून तो आपल्याकडे चालू झाला. त्याची तीन कलमे प्रत्येक घर घेणाऱ्याने समजून घ्यावीत अशी आहेत. कलम १० प्रमाणे, मिळकत कधीच कोणासही विकू नये अशी संपूर्ण मनाई घातली असेल तर ती अट रद्दबातल ठरते. कलम ११ प्रमाणे, मिळकत पूर्ण मालकीने दिल्यावर तिचा उपभोग अमुकच रीतीने घ्यावा, असा हुकूम विकणारा सोडू शकत नाही, अपवाद एकच. विकणाऱ्याची लगतची दुसरी मिळकत असेल आणि तिच्या उपभोगाच्या हितासाठी ती अट असेल, तर ती टिकते. कलम ४० हे टल्कच्या बागेचे आपल्याकडील रूप होय. आपल्या मिळकतीच्या हितासाठी दुसऱ्याच्या मिळकतीच्या उपभोगावर एखाद्यास निर्बंध ठेवता येत असेल, तर तो निर्बंध, माहिती असलेल्या किंवा फुकट मिळालेल्या नव्या धन्यावर बजावता येतो. पण मोबदला देऊन, माहिती नसता घेणाऱ्यावर बजावता येत नाही.

यावरून कोणी म्हणेल, मग आपण कागद न वाचणेच बरे, म्हणजे माहितीच होणार नाही. ही वाट कायद्याने बंद केली आहे. १९२९ च्या दुरुस्तीनंतर, नोंदणी सक्तीची असलेल्या दस्ताची रीतसर नोंदणी झाली असेल तर घेणाऱ्यास त्याची माहिती होती असेच धरले जाते. जागेत प्रत्यक्ष कोणी कब्जात असेल तर त्याच्या हक्काचीही माहिती होती असे धरले जाते. म्हणजे जे चौकशी केल्यास कळले असते, ते कळले होते असाच कायद्याचा हिशेब असतो. अज्ञान हे येथे ढाल होत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, मंगळवार पेठेत एका गृहस्थाचा पुढे-मागे असा दुहेरी वाडा आहे. मागचा भाग स्वतःकडे ठेवून त्याने पुढचा विकला, आणि मागच्या घरास हवा-उजेड राहावा म्हणून मधल्या चौकावर छप्पर घालू नये असे नोंदलेल्या खतात लिहून घेतले. पंधरा वर्षांनी पुढचा भाग तिसऱ्याने घेतला. त्याच्या खतात चौकाचे नाव नाही. तरीही मागचा मालक त्यास छप्पर घालू देणार नाही, आणि न्यायालय बहुधा त्याचेच ऐकेल. उलट, विकणाऱ्याने मागचे-पुढचे सर्व विकून टाकले, आसपास त्याची एक इंचही जागा उरली नाही, आणि तरी घरात खाणावळ चालवू नये असे त्याने लिहून ठेवले, तर त्या अटीस कलम ११ चा आधार राहत नाही. अटीचे शब्द सारखेच कडक असतील. पण एक कोणाच्या तरी घराच्या हिताची आहे, दुसरी केवळ जुन्या धन्याच्या इच्छेची आहे. हा भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

दुसऱ्या प्रकारची बंधने सरकारी आहेत, आणि आपल्या जिल्ह्यात ती सर्वांत अधिक आढळतात. यामागेही इतिहास आहे. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा जो कायदा झाला तो प्रथम पुणे, सातारा, अहमदनगर व सोलापूर या चार जिल्ह्यांसाठीच होता. सावकाराच्या घशात जमीन जाऊ नये, हा त्याचा हेतू. त्याच विचाराने, १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर १९०१ साली मुंबई सरकारने जमीनमहसूल कायद्यात दुरुस्ती मांडली. साऱ्याच्या थकबाकीत खालसा झालेली जमीन पुन्हा देताना ती विकता येऊ नये अशा शर्तीवर द्यावी, अशी ही योजना होती. फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले प्रभृती सभासदांनी तीस कडाडून विरोध केला, आणि विधेयक लोकमतासाठी पाठवण्याची सूचना फेटाळली जाताच ते सभागृहातून उठून गेले. शेतकऱ्यास त्याच्या रक्षणाच्या नावाखाली स्वतःच्या जमिनीचा भोगी तेवढा ठेवून धनीपणातून काढले जात आहे, असा त्यांचा आक्षेप होता. कायदा झालाच, आणि जुन्या निर्वेध धारणेच्या शेजारी आपल्या महसूल दप्तरात ‘नवी शर्त’ हा शब्द येऊन बसला.

स्वातंत्र्यानंतर त्या शब्दाचा वापर वाढला. मात्र आता तो दुर्बलांच्या रक्षणासाठी झाला. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कुळे जमिनीची मालक मानली गेली, पण कुळकायद्याच्या कलम ४३ प्रमाणे ती जमीन परवानगीवाचून विकण्यास मनाई राहिली. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट होऊन महार वतनासारख्या जमिनी पुन्हा दिल्या गेल्या, त्याही हस्तांतरावरील निर्बंधासह. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने या सर्व धारणांची विभागणी केली : भोगवटादार वर्ग १ म्हणजे निर्बंध नसलेला, आणि भोगवटादार वर्ग २ म्हणजे निर्बंध असलेला.

आज शहराभोवतीच्या ज्या जमिनींवर प्लॉट पडले आहेत, त्यांपैकी कित्येक एके काळी कुळाच्या, वतनाच्या किंवा सरकारने दिलेल्या जमिनी होत्या. घेणाऱ्याच्या हाती सुबक नकाशा व पावती येते. सातबाराच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात मात्र बारीक अक्षरात वर्ग २ किंवा ‘नियंत्रित सत्ताप्रकार’ लिहिलेले असते. अशी जमीन परवानगीवाचून घेतली असेल तर व्यवहार अडकतो. जमीन सरकारजमा होण्यापर्यंत पाळी येऊ शकते. तिच्यावर बांधलेले घर कितीही पक्के असो, मोळीतील मोठी काटकी तेथे नसते. सुदैवाने बहुतेक प्रकारांत वाटही ठेवलेली आहे. कुळाच्या शेतजमिनीबाबत खरेदीच्या प्रमाणपत्रास दहा वर्षे होऊन गेली असल्यास, साऱ्याच्या चाळीस पट रक्कम भरून व इतर अटी पाळून पूर्वपरवानगीची गरज उरत नाही, अशी दुरुस्ती झाली आहे. सरकारने दिलेल्या वर्ग २ च्या व भाडेपट्ट्याच्या जमिनी अधिमूल्य भरून वर्ग १ मध्ये आणण्याचे नियम २०१९ साली झाले आहेत. मात्र हे पैसे विकणाऱ्याने भरावयाचे की घेणाऱ्याने, हे सौद्यापूर्वी ठरले पाहिजे. सौद्यानंतर ते नेहमी घेणाऱ्याच्याच अंगावर पडतात.

सरकारी साहाय्याने मिळणाऱ्या घरकुलांचीही हीच गोष्ट आहे. २०२४ च्या जानेवारीत कुंभारीच्या रे नगर वसाहतीत १५,००० घरे कष्टकरी कुटुंबांच्या स्वाधीन झाली, ही सोलापूरला अभिमानास्पद अशी घटना होय. अशा साहाय्यित घरांच्या योजनांत ठरावीक काळ घर विकू नये अशी अट बहुधा असते. ती अन्यायाची नव्हे. गरिबासाठी उभारलेले घर दलालाच्या हाती जाऊ नये, यासाठी ती असते. परंतु ‘तोंडी सौदा करू, मुदत संपल्यावर नावावर करून देऊ’ असे सांगून कोणी असे घर देऊ लागल्यास, घेणारा पैसे देतो पण मालकी घेत नाही, हे त्याने ओळखून असावे.

तिसऱ्या प्रकारची बंधने संस्थांची आहेत, आणि येथे विषय आपल्या समाजाच्या अगदी दाराशी येतो. मुंबईत १८९६ साली ग्रंथिज्वराची साथ आली. दाट वस्ती फोडून मोकळ्या जागी नवी वस्ती करावी म्हणून १८९८ साली सुधारणा मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. त्याच्या दादर-माटुंगा योजनेत मंचेरजी एदलजी जोशी यांच्या प्रयत्नाने पारशी कुटुंबांसाठी भाडेपट्ट्याने प्लॉट राखून ठेवले गेले, आणि आजची दादर पारशी कॉलनी उभी राहिली. त्याआधी १९१५ साली गावदेवीस श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. आशिया खंडातील या प्रकारची ती पहिली संस्था मानली जाते. ज्या काळी मध्यम स्थितीतल्या माणसास शहरात भाड्याची बरी खोली मिळणे दुरापास्त होते, त्या काळी ज्ञातीच्या विश्वासावर भांडवल जमवून या संस्थांनी शेकडो कुटुंबांस निवारा दिला. ही त्यांची कामगिरी कोणीही नाकारणार नाही. आपल्या संघाने वसतिगृहे व वसाहती यांची स्वप्ने पाहिली, ती याच आदर्शांवरून.

परंतु त्याच विश्वासाची दुसरी बाजू म्हणजे ‘ज्ञातीबाहेरच्यास विकू नये’ ही अट. ती कायद्याने टिकते काय? अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या पोटनियमात सभासदत्व पारशांपुरते मर्यादित होते. एका सभासदास आपली जागा पारशेतरांस देता यावी असे वाटत होते. गुजरात उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. संस्था काढण्याचे स्वातंत्र्य घटनेने दिले आहे, सभासदाने पोटनियम जाणूनबुजून स्वीकारला आहे, तो संपूर्ण मनाईचा नाही, आणि सहकारी कायद्यात त्यास बंदी नाही. बंदी हवी असेल तर ती विधिमंडळाने घालावी, असा त्या निर्णयाचा आशय होता. म्हणजे अशी अट आजही एखाद्या संस्थेच्या पोटनियमात भेटू शकते, आणि तीत घर घेणाऱ्याने ती गृहीत धरूनच किंमत द्यावी. ज्या घराचे गिऱ्हाईक दोनशे कुटुंबांपुरते आहे त्याची किंमत साऱ्या शहरास खुल्या असलेल्या घराइतकी नसते.

मात्र एक मर्यादा पक्की आहे. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्याने, ज्याचे नाव पुढे नागरी हक्क संरक्षण कायदा झाले, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहण्याची जागा बांधण्यास, मिळवण्यास वा तीत राहण्यास अडथळा करणे हा गुन्हा ठरवला आहे. पोटनियमाचा, रूढीचा वा सभासदांच्या बहुमताचा आधार तेथे चालत नाही.

या बाबतीत जगाचा अनुभवही पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत काही शहरांनी गोऱ्यांच्या वस्तीत काळ्या लोकांस घर घेण्यास बंदी करणारे कायदे केले होते. १९१७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. तेव्हा तीच बंदी खरेदीखतांतील अटींच्या वाटेने आत आली. शेजाऱ्यांनी एकमेकांस लिहून दिले की काळ्या माणसास घर विकणार नाही. १९२६ साली न्यायालयाने अशा खासगी करारांत हात घालण्याचे नाकारले. १९४८ साली सेंट लुई येथील शेली कुटुंबाच्या खटल्यात मात्र असा निर्णय झाला की अशी अट कोणी लिहो, ती बजावण्यास सरकारी न्यायालय आपले हात देणार नाही. आणि १९६८ च्या कायद्याने अशी घरबंदी बेकायदा झाली. कोठे ज्ञाती, कोठे वर्ण. बंदीचे साधन एकच, खरेदीखत. ज्या वर्षी अमेरिकेत तो पहिला निर्णय झाला, त्याच १९१७ साली न्यूयॉर्क व लंडन येथे शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांस बडोद्यात राहावयास घर मिळेना. पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव घेऊन दिवस काढले, आणि तेथूनही त्यांस बाहेर पडावे लागले. त्या वेळी कोणत्याही खरेदीखतात तशी अट लिहिलेली नव्हती. अट न लिहिताही वस्ती बंद करता येते. आणि लिहिली म्हणजे तिला कायद्याचे बळ मिळते.

आता व्यवहाराकडे वळू. घर घेऊ पाहणाऱ्याने कोणत्याही अटीस तीन प्रश्न विचारावेत. ही अट कोणाच्या हिताची आहे? ती कोणास बांधते, मला एकट्यास की माझ्या वारसांस व पुढच्या घेणाऱ्यासही? आणि ती सोडवण्याची किल्ली कोणाच्या हाती आहे? शेजाऱ्याच्या हिताची अट शेजाऱ्याच्या लेखी व नोंदलेल्या संमतीने सुटते. सरकारी अट परवानगीने वा अधिमूल्याने सुटते. संस्थेची अट सर्वसाधारण सभेने पोटनियम बदलून व निबंधकाच्या मान्यतेने सुटते. जी कोणाच्याच हिताची नाही, ती बहुधा मुळातच पोकळ असते. तरी ती पोकळ आहे हे वकिलाकडून वदवून घेतल्यावाचून तिच्यावर भरवसा ठेवू नये.

या प्रश्नांची उत्तरे कागदांत असतात, म्हणून कागद पुरते जमवावेत. गेल्या तीस वर्षांचा शोध दुय्यम निबंधकाच्या दप्तरातून घ्यावा. केवळ सूचीचा उतारा नव्हे, तर मधल्या प्रत्येक खताची पूर्ण नक्कल वाचावी, कारण अट बहुधा पहिल्या खतात असते, शेवटच्यात नसते. शेतातून प्लॉट पडला असेल तर सातबारा, जुने फेरफार व बिनशेतीचा हुकूम त्यातील शर्तींसह पाहावा. गावठाणातील मिळकत असेल तर नगरभूमापनाचे मालमत्ता पत्रक व त्यातील सत्ताप्रकार पाहावा. संस्थेतील घर असेल तर पोटनियमांची प्रत घ्यावी. आणि सर्व कागद पाहून झाल्यावर एकदा जागेवर जावे. तेथे कोण राहतो, सांडपाणी कोठून जाते, मागच्या घराची वाट कोणाच्या अंगणातून आहे, हे डोळ्यांनी पाहावे. पूर्वी गोत जे सांगे, ते आज शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून विचारल्यास पुष्कळ वेळा कळते. खरेदीखतात लिहून देणाराकडून असे स्पष्ट लिहून घ्यावे की सांगितलेल्या अटींखेरीज मिळकतीवर दुसरी अट वा बोजा नाही, आणि निघाल्यास त्याची भरपाई तो करील.

अखेर एक गोष्ट घेणाऱ्यांसाठी नव्हे, तर विकणाऱ्यांसाठी व संस्था चालवणाऱ्यांसाठी सांगावयाची आहे. आपल्यापैकी काहींच्या वडिलांनी गिरणीत पाळ्या करून, मागावर रात्री जागून, पै पै साठवून प्लॉट घेतले. आता त्यांचे हिस्से पडत आहेत, काही विकले जात आहेत. अशा वेळी आपणही अटी घालणारे होतो. भावाच्या घरास उजेड राहावा म्हणून अट घालावी. वाटेचा हक्क राखावा. झाडाखालची विहीर बुजवू नये असे लिहून घ्यावे. हे शेजारधर्माचे बंधन आहे, आणि कायदाही त्यास मान देतो. परंतु आपल्या माणसाखेरीज दुसऱ्याने येथे राहू नये, अशी अट लिहिताना हात थांबला पाहिजे. ती अट आज आपल्या संरक्षणाची वाटते. उद्या आपल्याच मुलास परगावी नोकरीनिमित्त जावे लागते, तेथील एखाद्या वस्तीच्या दारावर तीच अट त्याची वाट पाहत असते. आणि इकडे वडिलोपार्जित घर विकावयाचे म्हटले तर त्यास गिऱ्हाईक मिळत नाही. पहिल्या पिढीस निवारा देण्यासाठी ज्ञातीची मदत घ्यावी, पण पुढच्या पिढीची मोळी आपण होऊन सैल करून ठेवू नये.

संघाच्या कार्यकारिणीने या वर्षी एक काम हाती घ्यावे, अशी विनंती आहे. सभासद कुटुंबांच्या घरांची कागदपत्रे वाचून देण्यासाठी समाजातील वकील व निवृत्त महसूल अधिकारी यांची एक समिती नेमावी, आणि तिने महिन्यातून एक रविवार कार्यालयात बसावे. पूर्वी मिरासपत्रावर गोताची साक्ष पडे. आजच्या खरेदीखतावर तशी साक्ष पडू शकत नाही, परंतु सही करण्यापूर्वी तो कागद चार जाणत्यांनी वाचलेला असावा, एवढे तरी आपण करू शकतो. असे झाल्यास पुष्कळ कुटुंबांची पुंजी सुरक्षित राहील आणि संघाचे नाव सार्थ होईल.